हुक कुठं लावायचा?

ज्या कागदावर मी सही केली तो खोटा होता, आणि सही करताना मला ते माहीत होतं. हे सुरुवातीलाच लिहून टाकतो. संपादकांनी माझ्याकडे 'उंचीवरच्या कामातले थरारक अनुभव' मागितले होते. तसे अनुभव माझ्याकडे भरपूर आहेत. पण ते आधी सांगितले तर तुम्ही मला शूर समजाल, आणि मग खरं बोलायला मला जड जाईल. दोन वर्षं मी तेच करत आलो, म्हणून या वेळी उलट्या बाजूने सुरुवात करतो.

माझा धंदा असा. इमारतींच्या काचा बाहेरून पुसणाऱ्या कामगारांनी पडू नये म्हणून काय करायचं, आणि पडलेच तर जमिनीला लागू नये म्हणून काय करायचं, हे मी शिकवतो. परभणीत राहून मी हे करतो असं म्हटलं की लोक हसतात. माझा मेहुणा मानवतला अडतीवर बसतो. तो तर चारचौघांत विचारतो, "दाजी, आपल्याकडं उंच म्हनावं असं काय हाय? पाण्याची टाकी सोडली तर?"

त्याने एकदा मान वर करून बघावं. दहा-बारा वर्षांत आमच्या गावाने काचेचा सोस लावून घेतला आहे. दवाखाना काढला की निळी काच. साड्यांचं दुकान, क्लासेस, मंगल कार्यालय, सगळ्यांना समोरून काच पाहिजे. मे महिन्यात इथे पत्र्यावर पापड भाजेल असं ऊन पडतं. त्या उन्हात पश्चिमेकडे तोंड करून तीन मजली काच उभी करायची आणि आत एसी लावून गारठत बसायचं, याला प्रगती म्हणतात. म्हणोत बापडे. पण काळ्या मातीची धूळ चार दिवसांत त्या काचेवर बसते, बोअरच्या पाण्याने धुतली की पांढरे डाग उमटतात, आणि मग मालक खालून बोट दाखवतो, "ते वरचं राहिलं बघा." ते वरचं पुसायला माणूस चढतो कसा, उभा राहतो कुठे, हे इमारत बांधताना एकाच्याही डोक्यात आलेलं नसतं. नकाशात गाड्या लावायला जागा असते, देवघर असतं, बोर्डाला जागा असते. काच पुसणाऱ्याला एक लोखंडी कडी नसते. गच्चीवर एक कडी! तीसुद्धा नाही.

मी स्वतः चौदा वर्षं पुण्यात दोरावर लटकून काचा पुसल्या आहेत. वीस-वीस मजल्यांवरून खाली आलोय. पुढे मुकादम झालो, मग एका संस्थेत प्रशिक्षकाचा कोर्स केला, आणि आईच्या आजारपणामुळे इकडे परत आलो. पुण्याहून आलेला म्हणून मला इथे मान मिळाला. त्या मानानेच माझं नुकसान केलं, असं आता वाटतं. वीस मजल्यांची विद्या घेऊन मी आलो आणि इथे काम होतं दोन मजल्यांचं.

"दोनच मजले तर हायेत." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आता कुणी उच्चारलं तरी माझे कान तापतात. वीस मजल्यांवर माणूस घाबरतो, दोर तपासतो, गाठ दुसऱ्याला दाखवतो. दोन मजल्यांवर तो शिडी टेकवतो आणि चढतो. बरं, सुरक्षेचा पट्टा घातला तरी दोन मजल्यांवर तो उपयोगी पडेलच असं नाही. पट्ट्याची दोरी असते साधारण माणसाच्या उंचीएवढी. पडल्यावर झटका बसून कंबर मोडू नये म्हणून तिला एक घडी शिवलेली असते. ती उसवत जाते आणि दोरी आणखी लांब होते. हुक डोक्याच्या वर अडकवला असेल तर ठीक. पायाशी अडकवला असेल तर दोरी ताठ होईपर्यंत जमीन येते. म्हणजे पट्टा नवा, दोरी नवी, आणि माणूस खाली फरशीवर.

म्हणून या कामात खरा प्रश्न पट्ट्याचा नसतोच. हुक कुठं लावायचा, हा असतो. ज्या गोष्टीला हुक अडकवायचा ती गोष्ट तुमच्याबरोबर पडता कामा नये. शिकवायला एवढंच आहे, पण ते करून दाखवायला एक अख्खा दिवस लागतो. गच्चीवर नेऊन कॉलम दाखवावा लागतो, त्याला दोर बांधून घ्यावा लागतो, कठड्याच्या कडेला दोर घासू नये म्हणून गोणपाट घालावं लागतं. मग प्रत्येकाला चार फुटांवरून खरोखर लटकवावं लागतं. एकदा मांड्यांत पट्टे रुतले की माणूस पुन्हा ते सैल बांधत नाही. शिवाय लटकलेल्याला लगेच खाली घ्यायचं कसं हेही शिकवावं लागतं, कारण पट्ट्यात तसाच लटकत राहिलेला माणूस पायात रक्त साकळून दगावू शकतो.

आणि पहिला धडा, जो मी आता सगळ्यांत आधी शिकवतो, तो असा की चढायची गरज नसेल तर चढूच नका. दोन मजल्यांची काच जमिनीवर उभं राहून लांब दांडीच्या ब्रशने पुसता येते. पण दांडीने पुसलं की कोपऱ्यात थोडं राहतं, आणि मालकांना कोपरे फार प्रिय असतात.

तर त्या कागदाची गोष्ट.

साफसफाईची कामं घेणारा एक गुत्तेदार आहे. नाव लिहीत नाही, त्याला आम्ही शेठ म्हणतो. तीन वर्षांपूर्वी त्याला कुठल्याशा मोठ्या शोरूमचं काम मिळत होतं आणि त्यासाठी कामगारांची प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं लागत होती. त्याने फोन केला. "सर, अकरा माणसं हायेत. एका घंट्यात उरकून टाका. फोटो मात्र झकास पाहिजेत."

मी म्हणालो, "शेठ, एक दिवस लागतो."

"दिवसभर ठेवलं तर काम कोण करंल? तुमी काय त्यांला विमान चालवायला शिकवायलात का?"

मी हसलो. तिथेच माझं चुकलं. मी गेलो.

ही आमच्या धंद्यातली रीत झाली आहे, आणि ती आमच्याच लोकांनी पाडली आहे. तिला आपसात आम्ही फोटो-ट्रेनिंग म्हणतो. पट्टे दोन, माणसं अकरा. एकेकाने पट्टा घालायचा, हेल्मेट चढवायचं, भिंतीपाशी उभं राहायचं, फोटो काढून घ्यायचा आणि पट्टा पुढच्याला द्यायचा. एकाच्या घामाने ओला झालेला पट्टा दुसऱ्याच्या अंगावर. मग रजिस्टरवर अकरा सह्या, त्याखाली माझी. त्या दिवशी पट्टा नीट बांधलेला आहे की नाही हे तपासायच्या ऐवजी मी, 'जरा उजेडाकडे तोंड करा' असं सांगत होतो. लग्नातल्या फोटोग्राफरसारखा.

मला घाईही होती. दुपारी एका कारखान्यात सुरक्षेवर माझं भाषण होतं. शाल मिळणार होती.

रांगेत शेवटचा होता मुंजाजी. जिंतूर तालुक्यातल्या बोरीचा, पस्तिशीचा, हडकुळा पण चिवट. रोज एसटीने परभणीला यायचा. बाकीचे फोटो झाल्यावर तंबाखू चोळत बसले होते. हा मात्र पट्टा अंगावरून काढेना. दोरीच्या टोकाचा हुक हातात धरून उघड-मीट करत होता.

"सर, एक विचारू का? आमाला शिडीवर काम ऱ्हातंय. शिडीवर चढलं की समोर नुस्ती काच. वर काईच न्हाई. मग ह्यो हुक लावायचा कुठं?"

अकरा माणसांत हा एकच प्रश्न विचारला गेला आणि तो बरोबर तोच होता, जो विचारायला हवा. खरं उत्तर असं होतं की, 'शिडीवर हा पट्टा घालून चढूच नकोस. गच्चीवरून स्वतंत्र दोर सोड, तो कॉलमला बांध, हुक त्या दोरावर सरकणाऱ्या, झटका बसला की जागीच आवळणाऱ्या कुलपाला लाव. शिडीचं डोकं वर बांध, बुडाशी माणूस उभा कर. चल, गच्चीवर दाखवतो.' दोन तास लागले असते.

मी घड्याळ बघितलं आणि म्हणालो, "मजबूत दिसेल तिथं लाव. पण हुक मोकळा राहता कामा नये, एवढं ध्यानात ठेव."

"बरं सर," तो म्हणाला.

त्याने ध्यानात ठेवलं.

दीड महिन्यानंतर एका मंगल कार्यालयाची दर्शनी काच पुसायला शेठने चौघांना पाठवलं. लग्नसराई तोंडावर होती. मालकाला कोपरे चकचकीत हवे होते. खाली गुळगुळीत फरशी, तिच्यावर साबणाचं पाणी आणि त्यात ॲल्युमिनियमची दुहेरी शिडी. मुंजाजी वर चढला. समोर काच, वर सज्जाची गुळगुळीत कड, हुक अडकेल असं काही नाही. मजबूत दिसत होती ती एकच गोष्ट, शिडी. हुक मोकळा ठेवायचा नव्हता. त्याने तो शिडीच्या वरच्या पायरीला लावला.

पुढचं मला उत्तमने सांगितलं. हा मुंजाजीबरोबर काम करणारा, तो खाली बादली भरत होता. शिडीचं बूड सरकलं. मुंजाजीने झटकन वरच्या सज्जाची कड दोन्ही हातांनी धरली. "धरली हुती सर, लटकला हुता तो," उत्तम म्हणाला. "आमी धावलोच खालून. घावलाच आसता. पण शिडी खाली गेली ना, तिनं पट्ट्याला वढलं. त्याला हिसडून खाली आणलं बघा. पट्टा नसता ना, तर वाचला आसता सर."

पट्टा नसता तर वाचला असता! सुरक्षेच्या मास्तराने आयुष्यात हे ऐकायचं.

तो जगला. दोन्ही टाचांची हाडं फुटली, खुब्याला मार बसला. दवाखान्यात मी तिसऱ्या दिवशी गेलो. कुशावर्ता, त्याची बायको, उशाशी स्टुलावर बसली होती. ती उठून उभी राहिली, मला बसायला स्टूल दिलं. मुंजाजीने मला बघून उठायचा प्रयत्न केला. मग त्याने जे विचारलं ते मी विसरायचा फार प्रयत्न केला आहे.

"सर, माझं काय चुकलं? म्या हुक लावला हुता."

त्या वेळी शेठ माझ्या मागे उभा होता. ज्या मंगल कार्यालयात अपघात झाला त्याच्या मालकाचा भाऊही होता. मी म्हणालो, "शिडीला लावायचा नसतो रे. सांगितलं होतं ना?"

तो छताकडे बघत राहिला. आठवत होता. मला वाटलं, आता म्हणेल की नव्हतं सांगितलं. तो म्हणाला, "सांगितलं आसंल सर. माझ्याच ध्यानात न्हाई ऱ्हायलं."

पडलेल्या माणसाच्या डोक्यातून मी त्याची आठवणसुद्धा काढून घेतली. टाचा तरी शिडीने फोडल्या होत्या.

पुढे सरकारी चौकशी झाली. मी लेखी जबाब दिला. त्यातलं एक वाक्य मला पाठ आहे: 'सदर कामगारास संपूर्ण प्रशिक्षण देण्यात आले होते, त्याने सूचनांचे पालन न केल्यामुळे अपघात घडला.' सोबत रजिस्टरची प्रत आणि फोटो जोडला. फोटो झकास होता. उजेडाकडे तोंड केलेला मुंजाजी, पट्टा घातलेला, हातात हुक. चौकशीला आलेल्या साहेबांनी तो बघून म्हटलं, "मग प्रश्नच मिटला." त्यांनी गच्ची बघितली नाही. कडी आहे का विचारलं नाही. अकरा माणसांना दोन पट्टे कसे पुरले, एका तासात काय शिकवलं, काही विचारलं नाही. सगळ्यांना घाई होती, आणि सगळ्यांच्या घाईला पुरेल असं एक वाक्य मी लिहून दिलं होतं.

बोरीत काय झालं ते मला उत्तमकडून तुकड्यातुकड्याने कळत गेलं. चौकशीचा कागद मुंजाजीच्या घरी गेला आणि गावाने वाचला. पट्टा होता तरी पडला म्हणजे टाकली असणार, असं पारावरचे लोक बोलू लागले. मुंजाजी तंबाखूलासुद्धा शिवत नाही. त्याचा सासरा पालमहून आला आणि सगळ्यांसमोर त्याला म्हणाला, "सरकारी कागदावर आलंय, तुझीच चूक हाय. आता कुणाला तोंड दाखवावं?" आणि हा माणूस मान खाली घालून, होय माझीच, असं म्हणत राहिला.

मी काय करत होतो? शिकवत होतो. सुधारलो होतो, असं मी स्वतःला सांगत होतो. फोटो-ट्रेनिंग बंद केलं. एक दिवसाचं प्रशिक्षण, नाहीतर नाही, असा नियम केला. कामं गेली, काही टिकली. कोपऱ्यांवर जीव असलेल्या एका साडीवाल्याला मी म्हणालो, "तुम्ही चढा, मी खालून ते वरचं राहिलं म्हणतो." तो चार दिवस बोलला नाही, पण पाचव्या दिवशी त्याने गच्चीवर कड्या बसवून घेतल्या. एका डॉक्टरने विचारलं, "हे व्हॉट्सॲपवर पाठवता येणार नाही का? मुलं बघून घेतील." मी विचारलं, "तुमचं ऑपरेशन व्हॉट्सॲपवर बघून केलं तर चालेल का?" हे मी नंतर चार ठिकाणी रंगवून सांगितलं, लोक हसले. मी असा सगळ्यांवर डाफरत होतो. दुसऱ्यावर रागावलं की आपली चूक लहान वाटते, हे मला चांगलंच जमलं होतं. आणि बोरी माझ्या घरापासून एसटीने किती लांब! दोन वर्षांत मी तिकडची गाडी पकडली नाही.

मग रुक्मिणमावशी भेटल्या. एका खाजगी दवाखान्यात सफाई करणाऱ्या बायकांचं प्रशिक्षण होतं. या बायका आतून खिडकीत चढून, एक हात चौकटीला आणि एक पाय बाहेरच्या सज्जावर ठेवून काच पुसत. साडीचा पदर कमरेला खोचून, तिसऱ्या मजल्यावर! आणि तिथले व्यवस्थापक मला म्हणाले होते की आमच्याकडे उंचीवरचं काम नाहीच, फक्त हाउसकीपिंग आहे.

रुक्मिणमावशी साठीच्या. मी शिकवायच्या आधीच त्यांनी मला विचारलं, "शिकवनार हायस ते ठीक हाय. पण बाबा, आमच्या सहीचा कागद तुझाच हाय का?"

"कुठला कागद, मावशी?"

त्यांनी पिशवीतून घडी केलेला कागद काढला. तिथलं सफाईचं काम आमच्या त्या शेठकडेच होतं. कामावर घेताना तो प्रत्येकाकडून छापील कागदावर सही किंवा अंगठा घेत होता. मी वाचला. 'मला संपूर्ण प्रशिक्षण देण्यात आले आहे, मी सूचनांचे पालन न केल्यामुळे अपघात घडल्यास…' माझंच वाक्य. माझा स्वल्पविरामसुद्धा तसाच. खाली मावशींचा अंगठा, तोही मी शिकवायला यायच्या चार महिने आधीचा.

मी शेठला तिथूनच फोन लावला. हा कागद कुणी छापला, म्हणून त्याच्यावर ओरडलो. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"सर, तुमी कामून तापायलात? मुंजाजीच्या वक्ताला तुमीच तर लिहून दिलं. वकिलाला दाखवलं म्या. म्हनला, लय पक्कं वाक्य हाय, सगळ्यांकडून हेच घेत जा."

"ते खोटं होतं, शेठ."

"मग तवा बोलायचं. आता दोनशे कागद छापून झालेत."

फोन ठेवला तर मावशी माझ्याकडे बघत होत्या. "म्हंजी आमी पडलो तर आमीच पडलो," त्या म्हणाल्या. बाकीच्या बायका हसल्या. त्यांना ते नवीन नव्हतं.

मावशींनी त्या दिवशी मला एक शिकवलंही. त्यांच्या वाट्याच्या खोल्यांतल्या सरकत्या काचा उचलून चौकटीतून आत काढता येत होत्या. त्या एक-एक काच काढून, मोरीत धुऊन, परत बसवत. "वेळ लागतो म्हनून बोलनी खाते," त्या म्हणाल्या, "पन माजं पाय फरशीवर ऱ्हातेत." आता ही रीत मी सगळीकडे शिकवतो आणि त्यांच्या नावाने शिकवतो.

त्या आठवड्यात मी दुसरा जबाब लिहिला. पानभर. एका तासाचं प्रशिक्षण, दोन पट्टे, मुंजाजीचा प्रश्न, माझं उत्तर, सगळं. चौकशी झाली होती त्या कार्यालयात गेलो तर तिथल्या बाबूने फाइल बंद झाल्याचं सांगितलं. "दोन वर्षांनी कशाला उकरून काढता? तुमच्याच अंगावर येईल."

"येऊ द्या," मी म्हणालो. "प्रतीवर आवकचा शिक्का द्या."

"साहेब नाहीत."

"शिक्का तुमच्या टेबलावर आहे."

तो शिक्का मिळवायला मला तीन फेऱ्या लागल्या. चूक लपवायला मला एक फेरीही लागली नव्हती. खोटा जबाब घ्यायला साहेब स्वतः गाडीतून आले होते! त्या अर्जावर पुढे काय होईल मला माहीत नाही. शेठने माझं नाव गावभर खराब केलं आहे, आणि ज्या संस्थेच्या नावावर मी प्रमाणपत्रं द्यायचो तिने माझा अधिकार चौकशी होईपर्यंत काढून घेतला आहे. बरोबर केलं. आता मी शिकवतो, पण सही दुसरा करतो.

शिक्का मिळाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी बोरीला गेलो. मुंजाजी आता चुलतभावाची पिठाची गिरणी चालवतो. बसून करता येतं तेवढं बसून, बाकीचं भिंतीला धरून. सकाळची वेळ, सहा-सात बाया डबे घेऊन रांगेत उभ्या होत्या, दोन म्हातारे बाकड्यावर बसले होते. कुशावर्ता डबे लावून घेत होती. मुंजाजी पिठाने पांढरा झालेला. मला बघितलं आणि भिंत धरून उठला.

"सर! तुमी? बसा, बसा. अगं, च्या सांग." मग माझ्या जवळ येऊन, गिरणीच्या आवाजात ऐकू यावं म्हणून कानाशी तोंड आणून म्हणाला, "सर, माझ्यापायी तुमचं नाव खराब झालं आसंल. लय दिवसांचं मनात हाय. तुमी सांगितलेलं ध्यानात ठिवलं आसतं, तर…"

हा माणूस माझीच माफी मागत होता.

मी म्हणालो, "नाही मुंजाजी. मी सांगितलंच नव्हतं."

"काय?" गिरणीच्या घरघरीत त्याला ऐकू गेलं नाही.

"मी सांगितलं नव्हतं!"

त्याला समजलं नाही, पण कुशावर्ताला समजलं. तिच्या हातातला डबा तिने खाली ठेवला. ती भिंतीपाशी गेली आणि तिने गिरणीचं बटण बंद केलं. पट्टा फिरत फिरत थांबला. रांगेतली एक बाई म्हणाली, "अगं, माझं दळन हाय की अर्धं." कुशावर्ता तिच्याकडे न बघता मला म्हणाली, "आता बोला सर. ह्येंच्या कानात नका बोलू. कागद सगळ्या गावानं वाचलाय. ह्येबी सगळ्यांनी ऐकू द्या."

मी दुसऱ्या जबाबाचा कागद खिशातून काढला होता. वाचून दाखवायचा असं ठरवून आलो होतो. ती कागदाकडे बघून म्हणाली, "कागद नगं. तोंडानं सांगा."

बाकड्यावरचा एक म्हातारा उठून पुढे आला. बाया जवळ सरकल्या. मुंजाजी भिंतीला टेकून माझ्याकडे बघत होता. दवाखान्यात छताकडे बघत होता तसाच, काहीतरी आठवत असलेला. कागद मी घडी करून परत खिशात ठेवला.

"मुंजाजीभाऊ," मी म्हणालो, "तुम्ही दारू प्यायला नव्हतात. तुम्ही निष्काळजी नव्हतात. तुम्ही काहीही विसरला नाहीत. हुक कुठं लावायचा, हे तुम्ही मला विचारलं होतं. अकरा जणांत फक्त तुम्ही विचारलं होतं. मला भाषणाला जायची घाई होती, म्हणून मी म्हणालो, मजबूत दिसेल तिथं लाव, मोकळा ठेवू नको. तुम्ही मी सांगितलं तसंच केलं, आणि म्हणून पडलात. दवाखान्यात मी तुमच्या तोंडावर खोटं बोललो. नंतर सरकारी कागदावर खोटं लिहिलं. तुमची आठवण बरोबर होती. चूक माझी होती. दोन वर्षं ती मी तुम्हाला वाहायला लावली. मला माफ करा. कुशावर्ताबाई, तुम्हीसुद्धा मला माफ करा. नाही केलंत तरी मी जे बोललो ते खरं आहे, आणि कुणी विचारलं तर मी पुन्हा हेच सांगेन."